सायकल येते, रस्ता येतो का?

सायकल एकदा आली की जन्मात विसरत नाही, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याला कुणी पुरावा मागत नाही. या समजुतीतून तीन मतं निघतात. पहिलं मत असं: ज्या मोठ्या माणसाला सायकल येते त्याला शिकवण्यासारखं काही उरत नाही; उरलंसुरलं अनुभव शिकवतो. दुसरं: शिकवायचंच ठरवलं तरी मोबाइलच्या पडद्यावर ते होणे नाही, पोहणं पुस्तकातून येत नाही, तशी सायकल व्हिडिओतून येणार नाही. तिसरं मत सगळ्यांत वजनदार: सायकलस्वाराचा जीव जातो तो खराब रस्त्यामुळे आणि दुसऱ्याच्या बेदरकारपणामुळे, अशा वेळी धडे त्यालाच देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

ठाण्यात सायकलींचा विषय निघाला की ही तीन मतं हमखास ऐकू येतात, आणि ती मांडणारी माणसं जाणती व कळकळीची असतात. तरीही ती मतं तपासाला टिकत नाहीत, असं माझं म्हणणं आहे. प्रत्येकात सत्याचा अंश आहे. तो मान्य करूनच पुढे जायला हवं.

वाद हवेत राहू नये म्हणून सकाळचा टेंभी नाका डोळ्यांसमोर आणू. जांभळी नाक्याच्या बाजारातून माल भरून निघालेले टेम्पो, स्टेशन गाठायच्या घाईतल्या रिक्षा, ठाणे महापालिकेच्या टीएमटी बस, कोर्ट नाक्याकडे निघालेल्या दुचाकी, आणि या सगळ्यातून वाट काढणारा इडलीवाला. कॅरिअरवर इडल्यांचं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं, हँडलला चटणी-सांबाराचे डबे, हाताशी भोंगा. पुढे एक रिक्षा डाव्या कडेला अचानक थांबते. तिला वळसा घालण्यासाठी त्याला थोडं उजवीकडे सरकायचं आहे. तो मागे वळून पाहत नाही. पाहिलं तर हँडल हलतं, हँडल हललं की डबे झुलतात आणि मागचं वजन सायकल ओढतं. म्हणून तो कानांनी अंदाज घेतो आणि सरकतो. बहुतेक वेळा निभावतं.

हा माणूस सायकल चालवण्यात तुमच्या-आमच्यापेक्षा कितीतरी तरबेज आहे. एवढं ओझं घेऊन गर्दीत तोल सांभाळणं शनिवार-रविवारी येऊरच्या चढावर महागडी सायकल दामटणाऱ्याला जमेलच असं नाही. पण त्याने अनुभवातून कमावलेली एक सवय आता त्याच्याच जिवावर उठते आहे. मागच्या गाडीचा आवाज ऐकून सरकायचं, हे इंजिनं घरघरत होती तोवर चाललं. आता विजेवरच्या बस आणि स्कूटर पाठीशी येईपर्यंत चाहूल लागत नाही. रस्ता बदलला, आणि त्याच्या अनुभवाला ते कुणी कळवलं नाही.

इथूनच पहिल्या मताचं खंडन सुरू होतं. अनुभव गुरू असतो हे खरं, पण कधी? डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांचा अंतःप्रेरणेबद्दल दीर्घकाळ मतभेद होता. २००९ साली दोघांनी मिळून लिहिलेल्या निबंधात ते एका निष्कर्षावर आले: जिथे परिस्थितीत काही नियमितपणा असतो आणि चुकीचं फळ लवकर व स्पष्ट दिसतं, तिथेच अनुभवातून भरवशाची जाण तयार होते. तोल सांभाळण्याला ही कसोटी लावा. हँडल चुकलं की माणूस त्याच क्षणी डगमगतो. म्हणून तोल पक्का येतो आणि राहतो. आता तीच कसोटी धोका ओळखण्याला लावा. सिग्नलला थांबलेल्या डंपरच्या डाव्या बाजूच्या फटीतून पुढे सरकणं ही जीवघेणी चूक आहे. डंपर डावीकडे वळला तर त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत येतात, आणि त्या बाजूचा बराचसा भाग चालकाच्या ब्लाइंड स्पॉटमध्ये असतो. पण बहुतेक डंपर सरळ जातात. त्यामुळे फटीतून जाणारा दर वेळी सुखरूप सुटतो आणि दर वेळी त्याची खात्री वाढते की इथून जायला हरकत नाही. इथे अनुभव उलटा धडा देतो, आणि खरा धडा मिळतो तेव्हा तो वापरायला माणूस उरत नाही.

असे आणखी धडे आहेत. उभ्या गाडीपासून हँडल निदान एक मीटर लांब ठेवावं, कारण दार उघडायला क्षणभर पुरतो. गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर चाक त्यात रुततं. पावसाळ्याचा धडा तर सर्वांत दुर्लक्षित. पाववाल्याची, पेपरवाल्याची सायकल बहुधा जुन्या बांधणीची, रॉडच्या ब्रेकची आणि पोलादी रिमची. अशी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावर नुसते घसरतात आणि थांबायला कोरड्या दिवसाच्या कैक पट अंतर लागतं. थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके दाबून ठेवले तर रिमवरचं पाणी पुसलं जातं आणि मग पकड येते. वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या शहरात ही गोष्ट प्रत्येक सायकलस्वाराला ठाऊक असायला हवी. ती सांगण्याची कसलीही व्यवस्था नाही.

तशी व्यवस्था कधीच नव्हती. एके काळी आपल्या नगरपालिका सायकलवर कर घेत, पितळी बिल्ला देत. दिव्याशिवाय किंवा डबलसीट जाणाऱ्याला पोलीस अडवत. कर आणि दंड होता, शिकवणं नव्हतं. पुढे बिल्ला गेला. मोटार वाहन कायद्याला सायकल मोटार वाहन वाटत नाही, म्हणून तिला परवानाही लागत नाही. हे योग्यच आहे आणि ते तसंच राहावं; गरिबाच्या वाहनावर परवान्याचं जोखड नको. पण परवाना नाही म्हणून शिक्षणही नाही, हे ओघाने आलं आणि कुणी त्याकडे पाहिलं नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. इतक्या घरांतलं वाहन, आणि ते रस्त्यावर कसं न्यावं हे शिकवणारी सार्वजनिक सोय जवळजवळ नाहीच.

दुसरं मत पडद्याबद्दलचं. त्यातला खरा भाग आधी सांगतो. ज्याला सायकल येतच नाही त्याला ती मोबाइलवर येणार नाही. चाळिशीत पहिल्यांदा सायकलवर बसणाऱ्या बाईला मैदान हवं, मागून कॅरिअर धरणारं माणूस हवं. मागे वळून पाहताना हँडल सरळ ठेवणं, अचानक ब्रेक लावताना वजन मागे नेणं, हीसुद्धा अंगाची कौशल्यं आहेत आणि ती जमिनीवरच येतात. पण वर सांगितलेला डंपरचा धोका, उघडणाऱ्या दाराचा धोका, थांबलेल्या बसपुढून आडवा येणारा पादचारी, ही सगळी पाहण्याची आणि पुढचं ताडण्याची कौशल्यं आहेत. ती डोळ्यांत आणि डोक्यात घडतात, आणि डोळ्यांना पडद्यावर शिकवता येतं याचा पुरावा भक्कम आहे.

ब्रिटनने नोव्हेंबर २००२ मध्ये मोटारचालकांच्या लेखी परीक्षेत धोका ओळखण्याची चाचणी आणली. रस्त्याच्या छोट्या चित्रफिती दाखवायच्या आणि धोका तयार होऊ लागल्याबरोबर उमेदवाराने बटण दाबायचं. पुढे हजारो नव्या चालकांचा मागोवा घेतल्यावर दिसलं की ही चाचणी देऊन आलेल्यांचे, काही अंशी स्वतःच्या चुकीने सामान्य वेगात झालेले अपघात सुमारे ११ टक्क्यांनी कमी होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकावरचा असाच एक पाठ तयार केला, अर्ध्या तासात आटोपणारा. कॅलिफोर्नियात १६ ते १८ वयाच्या पाच हजारांवर नव्या चालकांवर तो पारखला गेला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाठ घेतलेल्या मुलग्यांचे पुढच्या वर्षभरातले अपघात जवळपास २४ टक्क्यांनी कमी होते. मुलींमध्ये मात्र फरक दिसला नाही. पुरावा सर्वांना सारखा लागू नाही, पण पडद्यावर शिकलेलं रस्त्यावर उतरतच नाही हा दावा त्याने खोटा पडतो.

हे झालं मोटारींचं. सायकलींबाबत बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी शाळकरी मुलांना वर्गात चित्रफिती दाखवून शिकवलं. धोका लवकर हेरण्यात ती मुलं पुढे गेल्याचं त्यांनी २०१७ मध्ये मांडलं. आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचं काम नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांचं, २०२० सालचं. त्यांनी संगणकावरचा पाठ दिला तो विजेवरच्या सायकली चालवणाऱ्या, सायकलवर वर्षं काढलेल्या मोठ्या माणसांना. पडद्यावरच्या चाचणीत धोका हेरण्यात ती माणसं पाठ न घेतलेल्यांपेक्षा सरस ठरली. जिथे माणूस चालू लागला की सायकलवर बसतो त्या देशातल्या मुरलेल्या सायकलस्वारांनाही शिकण्यासारखं उरलं होतं. पहिलं आणि दुसरं, दोन्ही मतं या एका प्रयोगापुढे डळमळतात.

आपल्या शासनानेही पडद्याला गुरू मानलं आहेच. शिकाऊ परवान्याची परीक्षा आता घरबसल्या देता येते, आणि तिच्याआधी रस्तासुरक्षेची चित्रफीत पाहावी लागते. दीड टनाची गाडी चालवू पाहणाऱ्याला पडद्यावर शिकवता येतं, तर पंधरा किलोची सायकल चालवणाऱ्याला का नाही? मात्र त्या परीक्षेचा साचा उचलू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला अकरावा नियम तिचे विषय सांगतो: चिन्हं व रस्त्याचे नियम, अपघातानंतरची कर्तव्यं, रखवालदार नसलेलं रेल्वे फाटक, बाळगायची कागदपत्रं. पाठ करून उत्तरं देता येतील असंच सारं. चालत्या रस्त्यात धोका कुठून उगवतो आहे हे ताडण्याची स्वतंत्र चाचणी त्यात नाही. सायकलस्वाराला तीच नेमकी हवी आहे.

माझ्या मताविरुद्ध जाणारा पुरावाही इथेच ठेवला पाहिजे, नाहीतर हा वाद एकतर्फी होईल. लहान मुलांच्या सायकल प्रशिक्षणावरचे अभ्यास एकत्र तपासून कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ साली निष्कर्ष काढला की अशा शिक्षणाने माहिती वाढते, पण जखमी होण्याचं प्रमाण घटल्याचं दिसत नाही. आणि नॉर्वेत निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं शिक्षण सक्तीचं केल्यावर तरुण पुरुष चालकांचे घसरून होणारे अपघात उलट वाढले. घसरलेली गाडी सावरता येते अशी खात्री वाटल्याने ते अधिक वेगाने जाऊ लागले, हा त्याचा सर्वमान्य अर्थ.

हे दोन्ही निष्कर्ष मी मानतो. पण ते कशाविरुद्ध आहेत ते नीट पाहायला हवं. पहिल्यातल्या बऱ्याच शिकवण्या हात दाखवणं, सरळ रेषेत जाणं, नियम सांगणं अशा होत्या. दुसऱ्यातली शिकवण संकटातून सुटण्याच्या कसबाची होती. संकट दुरून ओळखून वेळीच वेग कमी करायला लावणारी शिकवण निराळी, आणि वरचा ब्रिटन-अमेरिकेचा पुरावा तिच्या बाजूने आहे. यातून शिकवणाऱ्यांसाठी नियम निघतो: ज्या धड्याचा शेवट ‘मला जमतं’ या भावनेत होतो तो धडा काढून टाकावा. प्रत्येक धड्याचा शेवट थांबण्यात, मागे राहण्यात, अंतर वाढवण्यात व्हावा.

आता तिसरं मत. ते सहज उडवून लावण्यासारखं नाही. केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली; त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. २०१८ च्या पावसाळ्यात एकट्या कल्याणमध्ये खड्ड्यांनी काही आठवड्यांत अनेक बळी घेतले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला, तो रस्ता सांभाळणाऱ्यांची जबाबदारी नक्की करण्यासाठीच. खड्डा हा सायकलस्वाराच्या अज्ञानाचा दोष नाही, आणि कोणताही व्हिडिओ खड्डा बुजवत नाही. इथवर मी तिसऱ्या मताशी पूर्ण सहमत आहे.

पण त्यापुढचं पाऊल, म्हणजे शिकवणं म्हणजे दोष देणं, हे चुकीचं आहे. त्यासाठी डोंबिवलीच्या एमआयडीसीकडे पाहा. कारखान्यात कामगाराला यंत्राचे आणि रसायनांचे धोके शिकवले म्हणून अपघाताची जबाबदारी त्याच्यावर जाते का? कायदा नेमकं उलट सांगत आला. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ साली घातलेल्या ७-अ या कलमाने सुरक्षित यंत्र आणि सुरक्षित जागा यांच्या जोडीला माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख देणं हेही मालकाचंच कर्तव्य ठरवलं. न शिकवणं हा मालकाचा गुन्हा मानला गेला. हाच न्याय रस्त्याला लावला तर महापालिका, वाहतूक पोलीस आणि सायकलवरून माल पोचवून घेणारा धंदेवाला यांचं देणं वाढतं. रस्ता नीट करा आणि शिकवाही, असं ते दुहेरी देणं आहे. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही.

डच उदाहरण तिसऱ्या मताचे पुरस्कर्ते नेहमी देतात: आधी त्यांच्यासारखे सायकलमार्ग करा, मग बोला. तिथे सायकलमार्ग उत्तम आहेत हे खरंच. पण तिथे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलांची रहदारीची परीक्षाही होते, लेखी आणि प्रत्यक्ष सायकलवरची. ज्यांनी जगातले सर्वांत सुरक्षित मार्ग बांधले त्यांनी शिकवणं सोडलं नाही. मग ज्यांचे मार्ग अजून कागदावर आहेत त्यांनी ते सोडावं कशाच्या बळावर? टेंभी नाक्यासारख्या जुन्या, दाटीच्या भागात रस्ता रुंद करायला जागाच नाही. नवरात्रात तर देवीच्या उत्सवासाठी तो आणखी अरुंद होतो आणि वाहतूक वळवावी लागते. तिथला बदल होईल तेव्हा होवो. पाववाला उद्या पहाटे निघणार आहे.

खंडन झालं, आता बांधणीचं सांगतो. पाठ कसा असावा? चित्रण इथलंच असावं, सायकलस्वाराच्या डोळ्यांच्या उंचीवरून केलेलं: टेंभी नाका, कोर्ट नाका, तीन हात नाका, कल्याणचा शिवाजी चौक, डोंबिवली स्टेशनबाहेरचा रस्ता. परदेशी रस्त्यांच्या फिती इथे निरुपयोगी आहेत, कारण तिथे उलट्या दिशेने येणारी रिक्षा नसते आणि दुभाजकाच्या फटीतून धावत येणारा पादचारी नसतो. प्रत्येक पाठ तीन-चार मिनिटांचा असावा. फीत धोक्याच्या जरा आधी थांबावी आणि प्रश्न यावा: आता काय होईल? उत्तर बोटाने पडद्यावर दाखवायचं. मग फीत पुढे सरकावी आणि काय घडलं ते दिसावं. रस्त्यावर जे फळ वर्षानुवर्षं दिसत नाही ते इथे लगेच दिसतं, तेही रक्त न सांडता. पडद्याची खरी कमाई हीच आहे. सूचना वाचायला लागू नयेत, ऐकू याव्यात: मराठीत, हिंदीत, आणि इडलीवाल्यांसाठी तमिळमध्येही. पावसाळ्याआधी ओल्या ब्रेकचा पाठ, नवरात्राआधी वळवलेल्या रस्त्यांचा पाठ, असं ऋतूंचं भानही असावं.

हा पाठ पोचवायचा कुठे? जिथे ही माणसं सायकल उभी करून थांबतात तिथे. पहाटे पुरवण्या लावत बसणारे पेपरवाले, बेकरीच्या दारात पाव निघायची वाट पाहणारे, सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी संपवणारे वॉचमन. फोन बहुतेकांकडे असतो. व्हॉट्सॲपवर फीत येऊ शकते. चालत्या सायकलवर फोन बंद, हा पहिल्याच पाठाचा पहिला नियम. या पाठांच्या जोडीला सेंट्रल मैदानासारख्या मोकळ्या जागेत तासभर सराव हवा: ओझं लादलेली सायकल, मागे नजर टाकणं आणि हँडल न हलवणं. पडद्याने डोळे तयार करावेत, मैदानाने अंग.

मोजणीही हवी, नाहीतर ही योजना फीत-उद्घाटन आणि हारतुऱ्यांत संपेल. पाठाआधी आणि पाठानंतर कधीही न दाखवलेल्या फितींवर चाचणी घ्यावी. काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी, म्हणजे किती टिकलं ते कळेल. नाक्यावर उभं राहून किती जण सरकण्याआधी मागे पाहतात हे मोजता येतं. ते वाढलं नाही तर पाठ बदलावा. आणि याच फिती रिक्षाचालकांना आणि टीएमटीच्या चालकांनाही दाखवाव्यात, सायकलवरून त्यांची गाडी कशी दिसते ते त्यांना कळावं म्हणून.

ठाणे पोलीस आयुक्तालयाची हद्द ठाण्यापासून कल्याण-डोंबिवली ओलांडून बदलापूरपर्यंत आहे. वाहतूक शाखा आणि ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका यांनी मनात आणलं तर याला पुलाइतका पैसा लागणार नाही आणि पुलाइतकी वर्षंही लागणार नाहीत. रस्ते दुरुस्त करण्याची मागणी एका शब्दानेही सैल न करता ही दुसरी मागणी तिच्या शेजारी उभी करायला हवी. जो माणूस दुसऱ्याच्या न्याहारीसाठी रोज या रहदारीत उतरतो, त्याला त्या रहदारीबद्दलचं ज्ञान मिळणं हा त्याचा हक्क आहे. आणि तो त्याला सायकल येते या एका कारणावरून नाकारला जाऊ नये.